'इफ'नंतर 'विल' का नको? इंग्रजीतील जर-तर वाक्ये पारोळ्याच्या बसस्थानकावरून समजून घ्या

मराठीत 'आली तर' आणि 'आली असती तर' यांतला फरक लहान मूलही चुकत नाही. मग इंग्रजीत तोच फरक नोकरीच्या ई-मेलमध्ये का निसटतो? नेमके कुठे अडते आणि ते कसे सुटते, वाचा सविस्तर...

पारोळा : समजा, पारोळा तालुक्यातील एक तरुणी पदवी घेऊन नोकरी शोधते आहे. जळगावच्या एका कंपनीत तिची मुलाखत आहे. सकाळी ती पारोळा बसस्थानकात उभी आहे आणि एसटीचा पत्ता नाही. ती कंपनीतल्या मॅडमना मेसेज टाकते, 'इफ द बस विल कम लेट, आय विल कॉल यू.' मुलाखतीत उशिराचे कारण विचारल्यावर सांगते, 'इफ द बस वुड हॅव कम ऑन टाइम, आय वुड हॅव रीच्ड ॲट टेन.' दोन्ही वाक्यांत एकेक चूक आहे. पण अर्थ समोरच्याला कळतो आणि त्याने फारसे बिघडत नाही.

बिघडते ते चार दिवसांनी. सोमवारी कंपनीचा ई-मेल येतो, 'हॅड यू सबमिटेड युअर मार्कशीट बाय फ्रायडे, वी वुड हॅव कन्सिडर्ड युअर ॲप्लिकेशन.' ती ओळखीचे शब्द वेचते. सबमिट, मार्कशीट, फ्रायडे, कन्सिडर. येत्या शुक्रवारपर्यंत मार्कशीट द्या, मग अर्जाचा विचार करू, असा अर्थ लावून ती मार्कशीट स्कॅन करून पाठवते. मग दोन आठवडे उत्तराची वाट पाहते आणि तोवर दुसरीकडे अर्जही करत नाही. कंपनीने प्रत्यक्षात लिहिले होते, 'तुम्ही शुक्रवारपर्यंत मार्कशीट दिली असती, तर आम्ही अर्जाचा विचार केला असता.' म्हणजे विषय तिथेच संपला होता.

हा प्रसंग काल्पनिक आहे. चुका मात्र नेहमीच्या आहेत. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. बारावीपर्यंत बारा वर्षे इंग्रजी शिकलेला विद्यार्थीही जर-तर वाक्यापाशी अडखळतो. त्याचे एक कारण म्हणजे 'टाइप वन, टाइप टू, टाइप थ्री' असा तक्ता पाठ होतो, पण त्यातले वाक्य काय सांगते आहे, हे मागे पडते.

हा तक्ता मुळात एकच गोष्ट सांगतो. बोलणाऱ्याच्या मते ही गोष्ट घडू शकते, ती नुसती कल्पना आहे, की तिची वेळ निघून गेली आहे? हे मराठीही सांगते. काही ठिकाणी दोन्ही भाषा जुळतात, तर काही ठिकाणी वेगळ्या वाटेने जातात. चुका होतात त्या वेगळ्या वाटेवर.

मराठीतला 'संकेतार्थ' आठवतोय?

शाळेत मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ शिकवले जातात. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. त्यातला संकेतार्थ म्हणजेच जर-तर. 'पाऊस पडला असता, तर पीक चांगले आले असते' हे त्याचे नेहमीचे उदाहरण. एक गोष्ट झाली असती तर दुसरी झाली असती, असा संकेत त्यात असतो.

इंग्रजीत अशा वाक्यांना 'कंडिशनल सेंटेन्स' म्हणतात. वाक्याचे दोन भाग असतात. अट सांगणारा 'इफ'चा भाग आणि परिणाम सांगणारा भाग. मराठीत 'जर'चा भाग आणि 'तर'चा भाग.

इथे पहिला फरक दिसतो. मराठी बोलताना 'जर' सहज गळतो, पण 'तर' सुटत नाही. 'बस आली तर जाऊ' हे पूर्ण वाक्य आहे. इंग्रजीत नेमके उलट. तिथे साधारणपणे 'इफ' लागतो आणि 'देन' गळतो. 'इफ द बस कम्स, वी विल गो' एवढे पुरते. मराठीतल्या 'तर'च्या सवयीने अनेक जण प्रत्येक वाक्यात 'देन' घालतात. ती चूक नाही, पण दर वेळी गरजही नाही.

'इफ'चा भाग आधी आला तर त्यानंतर स्वल्पविराम देतात. परिणाम आधी आला, जसे 'वी विल गो इफ द बस कम्स', तर सहसा स्वल्पविराम देत नाहीत.

आधी ठरवा : 'की' आहे की 'तर'?

'नोकरी लागली की गाडी घेईन' आणि 'नोकरी लागली तर गाडी घेईन'. पहिल्या वाक्यात नोकरी लागणार याची खात्री आहे, फक्त वेळ ठरायची आहे. दुसऱ्या वाक्यात नोकरीचीच खात्री नाही. इंग्रजीत पहिल्यासाठी 'व्हेन' आणि दुसऱ्यासाठी 'इफ' येतो. मुलाखतीत 'व्हेन आय जॉइन युअर कंपनी' म्हटले तर जागा मिळाल्यासारखेच वाटते. तिथे 'इफ आय जॉइन' म्हणणे बरे.

एक प्रकार मात्र असा आहे की तिथे दोन्ही चालतात. नेहमीच खरी असणारी गोष्ट किंवा ठरलेला नियम. 'इफ यू हीट आइस, इट मेल्ट्स.' बर्फ तापवला की वितळतो. दोन्ही भागांत साधा वर्तमानकाळ. व्याकरणाची पुस्तके याला 'झिरो कंडिशनल' म्हणतात.

बँकांचे आणि योजनांचे नियम बहुतेक याच साच्यात असतात. किसान क्रेडिट कार्डावरील अल्पमुदतीच्या पीककर्जाचेच उदाहरण घ्या. केंद्राच्या व्याज सवलत योजनेत व्याजदर ७ टक्के आहे आणि वेळेत परतफेड केल्यास आणखी ३ टक्के सवलत मिळते. हे इंग्रजीत असे होईल, 'इफ द फार्मर रिपेज द लोन ऑन टाइम, द इंटरेस्ट रेट फॉल्स टू फोर पर्सेंट.' यात शक्यता वर्तवलेली नाही, नियम सांगितला आहे. म्हणून 'विल' नाही.

घडू शकते : 'इफ'नंतर 'विल' का नको?

आता बसस्थानकातला पहिला मेसेज पाहू. 'इफ द बस विल कम लेट.' चूक कशी होते, हे उघड आहे. बस अजून यायची आहे, म्हणजे भविष्यकाळ, म्हणून 'विल'. तर्क सरळ वाटतो.

पण हाच तर्क मराठीला लावून पाहा. 'बस उशिरा येईल तर मी फोन करीन' असे कोणी म्हणत नाही. सगळे म्हणतात, 'बस उशिरा आली तर मी फोन करीन.' बस अजून आलेली नाही, तरी क्रियापद 'आली'. रूप भूतकाळाचे, गोष्ट पुढची. भविष्यकाळ फक्त 'तर'च्या पुढे, 'करीन'मध्ये आहे.

खान्देशातल्या अहिराणीतही हेच आहे. 'पानी पडना तं पेरनी करसूत.' 'पडना' म्हणजे पडला, 'करसूत' म्हणजे करू. अटीच्या भागात भविष्यकाळ नाही.

इंग्रजीचा नियमही असाच. अटीच्या भागात भविष्यकाळ येत नाही. फरक इतकाच की मराठी तिथे 'आली' हे रूप वापरते आणि इंग्रजी साधा वर्तमानकाळ.

- बस उशिरा आली तर मी फोन करीन : 'इफ द बस इज लेट, आय विल कॉल यू.'
- उद्या पाऊस पडला तर सामना होणार नाही : 'इफ इट रेन्स टुमॉरो, देअर विल बी नो मॅच.'
- बोरी धरण भरले तर रब्बीला पाणी मिळेल : 'इफ द बोरी डॅम फिल्स, वी विल गेट वॉटर फॉर द रब्बी सीझन.'

लक्षात ठेवायला सोपे सूत्र असे. मराठी वाक्यात 'ईल', 'ईन', 'णार' जिथे येते, तिथेच इंग्रजीत 'विल' येतो. 'तर'च्या आधी ही रूपे येत नाहीत, म्हणून 'इफ'च्या भागात 'विल' येत नाही.

याला एक अपवाद आहे. 'इफ यू विल वेट हिअर, आय विल कॉल द मॅनेजर' असे नम्र विनंतीत म्हणतात. तिथे 'विल' काळ दाखवत नाही, समोरच्याची तयारी विचारतो. परीक्षेत आणि रोजच्या लिखाणात मात्र साधा नियम पाळलेला बरा.

नुसती कल्पना : इथला 'हॅड' भूतकाळ नव्हे

बसस्थानकातल्या तरुणीच्या मनात येते, 'माझ्याकडे बाइक असती तर मी आत्ता निघाले असते.' बाइक नाही, हे तिला माहीत आहे. बोलणे आत्ताचे आहे, पण वास्तवाच्या उलट आहे.

इंग्रजीत हे असे होते, 'इफ आय हॅड अ बाइक, आय वुड लीव्ह नाऊ.' इथला 'हॅड' पाहून वाचणारा गोंधळतो. 'माझ्याकडे बाइक होती' असा अर्थ लावतो. प्रत्यक्षात इथे भूतकाळाचे रूप काळ दाखवत नाही. ही गोष्ट खरी नाही, एवढेच ते सांगते. मराठीतल्या 'असती'चे जे काम, तेच इथे 'हॅड'चे.

सल्ला देताना हेच रूप लागते. 'मी तुझ्या जागी असतो तर ही नोकरी सोडली नसती' म्हणजे 'इफ आय वेअर यू, आय वुड नॉट लीव्ह धिस जॉब.' 'आय' असूनही 'वेअर' का? अशा काल्पनिक वाक्यांत 'आय, ही, शी, इट' सगळ्यांना 'वेअर' लावण्याची जुनी पद्धत आहे. बोलताना 'वॉज'ही ऐकू येतो, पण लेखी इंग्रजीत 'वेअर' अधिक शुद्ध मानला जातो.

मराठी आणि इंग्रजीची पहिली मोठी फारकत इथे आहे. मुलाखतीत विचारतात, 'व्हॉट वुड यू डू इफ अ कस्टमर शाउटेड ॲट यू?' मराठीत याचे सहज रूप आहे, 'ग्राहक तुमच्यावर ओरडला तर तुम्ही काय कराल?' खरोखर घडू शकणारी गोष्ट असो वा नुसती कल्पना, मराठी 'ओरडला तर... कराल' यावरच भागवते. इंग्रजी मात्र दोन वेगळी वाक्ये ठेवते. 'इफ ही शाउट्स, व्हॉट विल यू डू' म्हणजे असे घडू शकते. 'इफ ही शाउटेड, व्हॉट वुड यू डू' म्हणजे समजा असे घडले, कल्पना करा.

उत्तर देण्याची युक्ती सोपी आहे. प्रश्नात जो शब्द आला, तोच उत्तरात वापरा. 'वुड यू' विचारले तर 'आय वुड'. 'विल यू' विचारले तर 'आय विल'. ओरडणाऱ्या ग्राहकाच्या प्रश्नाला 'आय वुड लिसन टू हिम फर्स्ट' अशी सुरुवात केली की अर्धे काम झाले.

वेळ गेली : 'वुड हॅव' एकदाच

आता मुलाखतीतले दुसरे वाक्य. 'इफ द बस वुड हॅव कम ऑन टाइम, आय वुड हॅव रीच्ड ॲट टेन.' मराठी माणसाकडून सर्वाधिक होणाऱ्या चुकांपैकी ही एक. ती निष्काळजीपणातून येत नाही, मराठीच्या सवयीतून येते.

मराठीत म्हणतात, 'बस वेळेवर आली असती, तर मी दहाला पोहोचले असते.' असती आणि असते. दोन्ही भागांत तेच सहायक क्रियापद. वाक्य दोन्ही बाजूंनी सारखे. बोलणारा तोच तोल इंग्रजीत ठेवतो आणि दोन्हीकडे 'वुड हॅव' लावतो.

इंग्रजीत हा तोल नाही. अटीत 'हॅड' आणि परिणामात 'वुड हॅव'. म्हणून बरोबर वाक्य असे, 'इफ द बस हॅड कम ऑन टाइम, आय वुड हॅव रीच्ड ॲट टेन.' मराठीतला पहिला 'असती' म्हणजे 'हॅड', दुसरा 'असते' म्हणजे 'वुड हॅव'. अमेरिकेतल्या बोलण्यात 'इफ यू वुड हॅव टोल्ड मी' असे ऐकू येते, पण परीक्षेत आणि औपचारिक लिखाणात ते चूकच धरले जाते.

इतिहासाच्या बाबतीतले जर-तर याच रूपात येते. पारोळ्याचा भुईकोट किल्ला झाशीच्या नेवाळकर घराण्याशी जोडला जातो. नोव्हेंबर १८५३ मध्ये झाशीचे राजे गंगाधरराव वारले. दत्तक पुत्र दामोदररावांचा वारसा गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने मान्य केला नाही आणि १८५४ मध्ये झाशी संस्थान खालसा झाले. 'डलहौसीने दत्तक मान्य केले असते, तर झाशी खालसा झाली नसती' हे इंग्रजीत असे होईल, 'इफ डलहौसी हॅड ॲक्सेप्टेड द ॲडॉप्शन, द कंपनी वुड नॉट हॅव टेकन झाशी.' दोन्ही गोष्टी घडून गेल्या आहेत. आता काही बदलणार नाही. 'हॅड... वुड हॅव' ही जोडी तेच सांगते.

एकाच 'असती'ची दोन इंग्रजी रूपे

आता सर्वांत फसवी जागा. ही दोन मराठी वाक्ये शेजारी ठेवून वाचा.

- माझ्याकडे बाइक असती तर मी आत्ता निघाले असते.
- काल माझ्याकडे बाइक असती तर मी वेळेवर पोहोचले असते.

अटीचा भाग दोन्हीकडे तोच, 'बाइक असती तर'. आजची गोष्ट की कालची, हे 'आत्ता' आणि 'काल' या शब्दांवरून कळते, क्रियापदावरून नाही. मराठीला एवढे पुरते. इंग्रजीला पुरत नाही.

- 'इफ आय हॅड अ बाइक, आय वुड लीव्ह नाऊ.'
- 'इफ आय हॅड हॅड अ बाइक येस्टरडे, आय वुड हॅव रीच्ड ऑन टाइम.'

दुसऱ्या वाक्यातले 'हॅड हॅड' ही छपाईची चूक नाही. पहिला 'हॅड' काळ मागे नेतो, दुसरा 'असणे' दाखवतो. म्हणून मराठीतून इंग्रजीत जाताना 'असता', 'असती', 'असते' दिसले की थांबून एक प्रश्न विचारावा. ही आजची गोष्ट की कालची? आजची असेल तर 'हॅड... वुड'. कालची असेल तर 'हॅड' आणि पुढे क्रियापदाचे तिसरे रूप, परिणामात 'वुड हॅव'. तिसरे रूप म्हणजे 'गो, वेंट, गॉन'मधले 'गॉन'.

अट कालची, परिणाम आजचा

कधी अट मागची असते आणि परिणाम आजचा. पारोळ्याशेजारच्या अमळनेरचे उदाहरण यासाठी चपखल आहे. तिथे १९४५ मध्ये वनस्पती तुपाच्या कारखान्याने सुरू झालेली कंपनी पुढे विप्रो झाली. सुरुवातीच्या काळात तिचे शेअर घेऊन ते जपणाऱ्या अमळनेरकरांच्या संपत्तीची गोष्ट या भागात आवडीने सांगितली जाते. ज्यांच्या घरी तेव्हा शेअर घेतले गेले नाहीत, ते म्हणतात, 'आजोबांनी तेव्हा शेअर घेतले असते, तर आज आम्ही कोट्यधीश असतो.'

या वाक्यात मराठीही काळ बदलते. अटीत 'घेतले असते', परिणामात नुसते 'असतो'. इंग्रजीतही तसेच. 'इफ माय ग्रँडफादर हॅड बॉट द शेअर्स, वी वुड बी रिच टुडे.' अटीत मागची 'हॅड बॉट', परिणामात आजचे 'वुड बी'. इथे 'वुड हॅव बीन' नाही, कारण श्रीमंती आजची आहे. व्याकरणात याला 'मिक्स्ड कंडिशनल' म्हणतात.

'अनलेस'मध्ये 'नाही' आधीच आहे

दहावी-बारावीच्या इंग्रजीत 'अनलेस' वापरून वाक्य पुन्हा लिहा, असा प्रश्न ओळखीचा आहे. तिथली नेहमीची चूक म्हणजे 'अनलेस यू डोन्ट पे द फी'.

हीसुद्धा मराठीतून येते. 'जोपर्यंत फी भरत नाही, तोपर्यंत हॉल तिकीट मिळणार नाही.' मराठीत 'नाही' दोनदा येते. पण 'अनलेस' या एका शब्दातच 'जर नाही तर' सामावले आहे. त्याच भागात पुन्हा 'नॉट' घातला की अर्थ उलटतो. बरोबर वाक्य, 'अनलेस यू पे द फी, यू विल नॉट गेट द हॉल तिकीट.' 'इफ' वापरून तेच, 'इफ यू डू नॉट पे द फी, यू विल नॉट गेट द हॉल तिकीट.' 'इफ नॉट' काढला की 'अनलेस' येतो, दोन्ही एकदम येत नाहीत.

हा शब्द फक्त परीक्षेपुरता नाही. चेक न वटल्यास लागू होणारे परक्राम्य दस्तऐवज कायद्याचे कलम १३८ घ्या. चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस दिल्याशिवाय आणि नोटीस मिळाल्यानंतर १५ दिवसांत रक्कम न दिल्याशिवाय हे कलम लागू होत नाही. कायद्याच्या इंग्रजी मजकुरात या अटी 'अनलेस'नेच बांधल्या आहेत. तो शब्द नजरेतून सुटला, तर नोटिशीची मुदतही हातातून सुटू शकते.

'इफ' न दिसणारी जर-तर वाक्ये

आता सुरुवातीच्या ई-मेलकडे वळू. 'हॅड यू सबमिटेड युअर मार्कशीट.' यात 'इफ' कुठेच नाही. औपचारिक इंग्रजीत 'इफ' काढून सहायक क्रियापद वाक्याच्या सुरुवातीला आणतात. 'इफ यू हॅड सबमिटेड' आणि 'हॅड यू सबमिटेड' यांचा अर्थ एकच. मात्र दुसरे रूप प्रश्नासारखे दिसते आणि वाचणारा चकतो.

कंपन्यांच्या पत्रांत असे आणखी एक वाक्य वारंवार असते. 'शुड यू हॅव एनी क्वेरीज, प्लीज कॉल अस.' इथे 'शुड'चा अर्थ 'पाहिजे' नाही. 'तुम्हाला काही शंका असल्यास फोन करा', एवढाच अर्थ. सुरुवातीला 'शुड' आणि शेवटी प्रश्नचिन्ह नाही, असे दिसले की तिथे 'इफ' लपलेला आहे असे समजावे.

ओळखण्याची खूण अशी. वाक्य 'हॅड', 'शुड' किंवा 'वेअर'ने सुरू झाले, मध्ये स्वल्पविराम आला आणि शेवटी पूर्णविराम असेल, तर बहुतेक वेळा ते जर-तर वाक्य असते.

वाचताना परिणामाचा भाग आधी पाहा

मोबाइलवर असे वाक्य आले की अट वाचत बसण्याआधी परिणामातले क्रियापद शोधावे. वाक्याचा निकाल तिथे असतो.

- 'विल' असेल, तर संधी अजून आहे. अट पूर्ण करा.
- नुसता 'वुड' असेल, तर कल्पना, सल्ला किंवा नम्र विचारणा आहे.
- 'वुड हॅव' असेल, तर ती वेळ गेली. पुढच्या कामाला लागा.

'वुड'च्या जागी 'कुड' किंवा 'माइट' आला तरी हिशेब तोच. 'कुड हॅव' म्हणजे करता आले असते, पण झाले नाही.

स्वतःला तपासा

खालची पाच वाक्ये आधी स्वतः इंग्रजीत करून पाहा. उत्तरे त्याखाली दिली आहेत.

१. तू उद्या आलास तर आपण किल्ला पाहू.
२. मला पोहता येत असते तर मी नदीत उतरलो असतो. (आत्ताची गोष्ट)
३. तुम्ही काल सांगितले असते तर मी थांबलो असतो.
४. सही केल्याशिवाय अर्ज स्वीकारला जाणार नाही.
५. तुम्ही शुक्रवारपर्यंत मार्कशीट दिली तर आम्ही अर्जाचा विचार करू.

उत्तरे :

१. 'इफ यू कम टुमॉरो, वी विल सी द फोर्ट.' गोष्ट उद्याची असली तरी 'इफ'नंतर 'विल' नाही.
२. 'इफ आय कुड स्विम, आय वुड एंटर द रिव्हर.' गोष्ट आत्ताची, म्हणून 'वुड', 'वुड हॅव' नाही.
३. 'इफ यू हॅड टोल्ड मी येस्टरडे, आय वुड हॅव वेटेड.' 'वुड हॅव' एकदाच.
४. 'अनलेस यू साइन इट, द ॲप्लिकेशन विल नॉट बी ॲक्सेप्टेड.' 'साइन'च्या आधी 'डोन्ट' नाही.
५. 'इफ यू सबमिट युअर मार्कशीट बाय फ्रायडे, वी विल कन्सिडर युअर ॲप्लिकेशन.'

पाचवे वाक्य पुन्हा एकदा वाचा. मार्कशीट तीच, शुक्रवार हाच शब्द, कंपनी तीच. त्या तरुणीने आपल्या ई-मेलमध्ये हेच वाक्य वाचले होते. तिला आलेले वाक्य मात्र 'हॅड' आणि 'वुड हॅव'चे होते. एका वाक्यात अर्ज करायला अजून वेळ आहे, दुसऱ्यात तो संपला आहे. मराठीत 'दिली तर' आणि 'दिली असती तर' यांत आपण कधी गोंधळत नाही. इंग्रजी ई-मेल आला की तेच दोन शब्द मनात म्हणून पाहायचे आणि कुठला बसतो ते ठरवायचे.